विडी सुटली, पोट सुटले

आपल्याकडे एखाद्याने विडी सोडली म्हणजे पहिले आठ-पंधरा दिवस त्याचे मोठे कौतुक होते. बायको देवापुढे साखर ठेवते, मुंबईचा मुलगा फोन करून शाबासकी देतो, शेजारीपाजारी 'बरां केलात हां' म्हणून मान डोलावतात. दोन-तीन महिने जातात आणि त्याच शेजाऱ्यांचा सूर बदलतो. "काय मास्तरानू, तब्येत बरी सुधारली हां!" असे म्हणताना त्यांची नजर सदऱ्याच्या खालच्या गुंडीवर असते. ती गुंडी आता लागत नाही, हे मास्तरांना आरशाने आधीच सांगितलेले असते. विडी सुटली आणि पोट सुटले. मराठीत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, पण पहिल्या सुटण्याचा आनंद दुसऱ्या सुटण्यात पार विरून जातो.

विषय थट्टेचा वाटतो, आणि चारचौघांत त्याची थट्टाच होते. पण या थट्टेपायी माणसे पुन्हा विडीकडे जातात, म्हणून आज त्याबद्दल बोलायचे. मी वैद्य नव्हे. कॉलेजात शिकवणारा माणूस. तरी सावंतवाडीसारख्या गावात राहिले म्हणजे मोती तलावाच्या काठाने सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणारे निम्मे लोक तोंडओळखीचे असतात, आणि कोण कशासाठी चालतो हे कानांवर येतच असते. कुणाला साखर निघालेली असते, कुणाचे गुडघे धरलेले असतात. काहीजण मात्र तंबाखू सोडल्यावर चढलेले वजन उतरवायला आलेले असतात. वजन काही उतरत नाही. मग कंटाळून एक दिवस माणूस टपरीकडे वळतो, 'ओढत होतो तेव्हा कसा काठीसारखा होतो' असे मनाशी म्हणतो, आणि काडी पेटवतो. सहा महिन्यांची तपश्चर्या त्या एका काडीत जाते.

विडीने भूक मरते, ही गोष्ट कळायला कोणा शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली नाही. स्पेन देशातल्या सेव्हिल शहरी निकोलास मोनार्देस नावाचा एक वैद्य होऊन गेला. अमेरिकेहून येणाऱ्या नव्या वनस्पतींवर त्याने ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या 1571 साली निघालेल्या दुसऱ्या भागात तंबाखूची माहिती दिली. तिकडचे मूळ रहिवासी ओसाड मुलखातून जाताना तंबाखूचे पान आणि शिंपल्या जाळून केलेला चुना एकत्र करून त्याच्या गोळ्या वळतात, एक गोळी तोंडात धरतात आणि अन्नपाण्यावाचून दिवसच्या दिवस वाट चालतात, असे तो सांगतो. तंबाखू आणि शिंपल्यांचा चुना! आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला यात परके काय वाटणार? पुढे पोर्तुगिजांबरोबर ही वनस्पती आपल्या देशात उतरली, आणि 1604-05 च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून अकबर बादशहाच्या दरबारात नेली. बादशहाला ती शौक म्हणून मिळाली. शेतमजुराला, हमालाला, गाडीवानाला ती मिळाली ती भुकेवरचा उतारा म्हणून. ज्याला कामातून जेवायला सवड नाही, किंवा सवड आहे पण फडक्यात भाकरी अर्धीच आहे, त्याने विडी पेटवली आणि दोन तास निभावून नेले. गोरगरिबांच्या विडीला नावे ठेवणाऱ्यांनी ही अर्धी भाकरी ध्यानात ठेवलेली बरी.

आता हे घडते कसे ते पाहू. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक लहानसा भाग आहे; भूक लागली, पोट भरले, याचा हिशेब तिथे ठेवला जातो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की 'आता पुरे' असा निरोप देणाऱ्या तिथल्या पेशींना निकोटीन डिवचते. म्हणजे पोट रिकामे असते आणि निरोप मात्र भरल्याचा जातो. विडी सुटली की हा खोटा निरोप्या गेला. इतकी वर्षे दाबून ठेवलेली भूक आपला हक्क मागू लागते.

दुसरीही एक बाजू आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिगारेट ओढणाऱ्या आठ निरोगी माणसांना, शरीरात किती इंधन जळते ते मोजता येईल अशा बंद खोलीत चोवीस तास ठेवले. एकदा रोजच्यासारख्या 24 सिगारेटी दिल्या, एकदा एकही दिली नाही. बाकी हालचाल सारखीच ठेवली. न ओढता सरासरी 2230 कॅलरी खर्च झाल्या, ओढून 2445. फरक 215 कॅलरींचा. हा जादा खर्च काही फुकटचा नव्हे. हृदयाला आणि सगळ्या शरीराला विनाकारण हाकत ठेवूनच हे इंधन जळते, सपाट रस्त्यावर मोटार पहिल्या गिअरमध्ये रेटावी तसे. विडी बंद झाली की गाडी आपल्या नेहमीच्या गिअरमध्ये येते आणि तेवढे इंधन शिल्लक पडते. शरीर शिल्लक टाकून देत नाही. कमरेला बांधून ठेवते.

215 कॅलरी म्हणजे किती, ते आपल्या भाषेत सांगतो. चहाचा लहान चमचा सपाट भरून घेतलेली साखर म्हणजे 5 ग्रॅम, म्हणजे सुमारे 20 कॅलरी. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर घेणारा माणूस नुसत्या साखरेतून 200 कॅलरी घेतो. म्हणजे विडीने जो जादा खर्च होत होता, तो जवळजवळ चहातल्या साखरेएवढाच. हा हिशेब मला फार धीर देणारा वाटतो. ज्या गोष्टीपायी माणूस पुन्हा विडीकडे जातो, ती गोष्ट वजनाच्या काट्यावर दहा चमचे साखरेइतकी आहे.

पण सगळाच प्रकार कॅलरींत मावत नाही. तसे असते तर चहा बिनसाखरेचा केला आणि प्रश्न मिटला, असे झाले असते. खरी मेख आहे ती हाताच्या आणि तोंडाच्या सवयीत. विडीचे पान सिगारेटच्या कागदासारखे आपोआप जळत राहत नाही. लांब झुरके घेतले नाहीत तर ती विझते, म्हणून पुन्हा पुन्हा ओढावी लागते. दिवसाला वीस विड्या आणि विडीला दहा झुरके असा ढोबळ हिशेब धरला, तरी हात दिवसातून दोनशे वेळा तोंडाकडे जातो. वर्षाला सत्तर हजारांवर! एवढी सवय झालेला हात विडी सोडली म्हणून मांडीवर स्वस्थ पडून राहील काय? तो काहीतरी शोधतो. शेंगदाणे सापडतात, शेव सापडते, आणि आपल्या जिल्ह्यात काजूगर सापडतात. भाजलेले शेंगदाणे मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, घेतले तर 170 कॅलरींच्या आसपास झाल्या, काजूचेही तेच. शेंगदाणे वाईट नाहीत, काजूही वाईट नाहीत. विडीच्या गतीने खाल्ले तर मात्र कुणाच्याही कमरेला झेपणारे नाहीत.

त्यातून जेवणानंतरची विडी निराळीच. ती जेवणाचा पूर्णविराम असते. हात धुतला, ओटीवर आलो, विडी पेटवली, की जेवण संपले असे शरीराला आणि मनाला कळते. पूर्णविराम काढून टाकला तर वाक्य संपतच नाही. माणूस पानावरून उठत नाही, आणखी थोडा भात घेतो, आमटी घेतो, काही गोड आहे का विचारतो. एका गृहस्थांनी मला हे फार नेमके सांगितले होते : "जेवलंय तरी जेवल्यासारख्यां वाटणा नाय." शिवाय इतकी वर्षे धुराने बधिर झालेली जीभ आणि नाक काही दिवसांतच जागी होतात. सोलकढीचा वास नव्याने येऊ लागतो, कुळथाच्या पिठीला चव येते, बांगड्याच्या तिखल्याला तर विचारूच नका. ही देणगीच आहे, पण तिची किंमत ताटात वाढते. आणि घरची माणसे! धनी विडी सोडून बसले आहेत, चिडचिड करताहेत, तर त्यांना जरा आवडीचे करून घालावे, असे घरच्या लक्ष्मीला वाटणे साहजिकच आहे. घावन होतात, नारळाचा रस होतो, मालवणी खाजे येते. प्रेमानेही वजन वाढते.

आणखी एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरांच्या सहसा लक्षात येत नाही. विडी ही कष्टकऱ्याची सुटी असते. लावणी चालू आहे, कंबर मोडून आली आहे, आणि कोणी मेरेवर जाऊन नुसता बसला तर त्याला आळशी म्हणतील. विडी पेटवून बसला तर कोणी काही म्हणत नाही. विडी सोडणाऱ्याची ती पाच मिनिटेही जातात. मग तो विसावा खाण्याच्या निमित्ताने घेतला जातो. गवंड्याचा, ट्रक ड्रायव्हरचा, बाजारात उभ्याने माल विकणाऱ्याचा प्रकार हाच. गड्यांकडून काम करून घेणाऱ्यांनी विडी न ओढणाऱ्यालाही पाच मिनिटे बसू द्यावे, असे माझे मत आहे.

वजन वाढते तरी किती? सांगोवांगी ऐकले तर दहा किलो, पंधरा किलो असे आकडे कानी येतात. 2012 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात निरनिराळ्या 62 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. औषधोपचार न घेता धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या महिन्यात सरासरी सव्वा किलोच्या आत, तीन महिन्यांत 2.85 किलो आणि वर्षअखेर 4.67 किलो वाढलेले आढळले. निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते, हे विसरू नका. सरासरीच्या पोटात काय काय असते तेही पाहा. शंभरातल्या सोळांचे वजन वर्षाने उलट कमी झाले होते, तर तेराजणांचे दहा किलोंहून अधिक वाढले होते. हे सारे आकडे परदेशांतले असले, तरी दिशा समजायला पुरेत. चार-पाच किलो हा सर्वसाधारण भाव आहे. ज्याला तो आधीच ठाऊक असतो, तो तिसऱ्या महिन्यात घाबरून जात नाही.

माझ्या परिचयाचे एक प्राथमिक शिक्षक आहेत. दिवसाला एक बंडल विडी ओढायचे. गुढीपाडव्याला त्यांनी सोडली, आणि चतुर्थीला मुंबईकर मंडळी घरी आली तेव्हा वजन सहा किलोंनी वाढलेले होते. चाकरमान्यांची जीभ तुम्हांला ठाऊकच आहे. गणपतीसमोर बसून त्यांनी मास्तरांच्या पोटाची आणि गणपतीच्या पोटाची तुलना केली. मास्तर स्वाभिमानी माणूस. विसर्जन झाल्या दिवसापासून त्यांनी सकाळचे खाणे बंद केले, रात्रीचे बंद केले. दुपारी एकदाच दोन भाकऱ्या आणि कोरडी भाजी. तीन दिवस रेटले. चौथ्या दिवशी वर्गात एका पोरावर विनाकारण ओरडले, शाळा सुटल्यावर एसटीच्या थांब्यावर एकाची विडी मागून घेतली, आणि आठवड्यात बंडल परत खिशात आले. सहापैकी दोन किलो उतरले म्हणा! ते दोन किलो आणि पाच महिन्यांचे श्रम यांची अदलाबदल झाली.

मास्तरांच्या मनोनिग्रहात कमतरता होती, असे मला वाटत नाही. पाच महिने बंडलाला हात न लावणाऱ्याला कोण तसे म्हणेल? त्यांची गल्लत झाली ती क्रमात. भुकेलेला माणूस चिडतो, चिडलेला माणूस विडी मागतो; आणि विडीने भूक मरते, हे तर शरीराला पाठच असते. उपाशी राहणे म्हणजे त्याला त्या जुन्या उपायाची आठवण करून देणे. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की विडी सोडण्याचे आणि वजन उतरवण्याचे अशी दोन व्रते एकाच दिवशी धरू नयेत. आधी विडी. ती तीन-चार महिने पक्की सुटू द्यावी. तोवर वजन उतरवायचे नाही, फक्त फार चढू द्यायचे नाही. चार किलो चढले तर चढले.

मास्तरांनी दुसऱ्या खेपेस तसेच केले. पुढच्या पाडव्याला विडी सोडली, पण जेवण तोडले नाही. चहा पाचाचा तीनवर आणला, साखर दोन चमच्यांची एकवर. सकाळी घरात लोणी-पाव येऊ लागला होता, तो बंद करून उकड्या तांदळाची पेज पुन्हा सुरू केली. पेजेत पाणी पुष्कळ, त्यामुळे तांदूळ थोडा असूनही पोटाला आधार होतो. बरोबर उकडलेल्या चवळीची किंवा कुळथाची वाटी घेतली तर दुपारपर्यंत काही आठवत नाही. कडधान्य आणि मासे पोटात भातापेक्षा जास्त वेळ टिकतात. आपल्याकडे मासळी स्वस्त मिळते त्या दिवसांत तळलेल्या तुकडीऐवजी आमटीतली तुकडी घेतली, तर तेलही वाचते. या साध्या गोष्टी आहेत आणि घरोघर ठाऊक आहेत, पण पावाच्या गाडीचा भोंगा वाजला की विसरल्या जातात.

जेवणाच्या पूर्णविरामाचे त्यांनी काय केले, ते ऐकण्यासारखे आहे. पानावरून उठल्याबरोबर ते चूळ भरून दात घासतात, चिमूटभर बडीशेप आणि ओवा तोंडात टाकतात आणि अंगण ओलांडून आगरात एक चक्कर मारून येतात. विडी जेवढा वेळ चालायची तेवढीच चक्कर. पहिले पंधरा दिवस चक्कर मारताना डोळ्यांसमोर विडीच होती, असे ते प्रामाणिकपणे सांगतात. तल्लफ आली म्हणजे ती सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरते हाताला काम हवे. कोणी माळ ओढतो, कोणी काथ्या वळतो. मास्तर वह्या तपासायला घेत, आणि त्या वर्षी मुलांच्या वह्या इतक्या वेळेवर तपासून मिळाल्या की पालकांना आश्चर्य वाटले.

विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना शौचाला साफ होत नाही. 'विडीशिवाय परसाकडे होत नाही' हे कारण सांगून कितीएकांनी ती पुन्हा धरली आहे. हे तात्पुरते असते. पाणी वाढवावे, पालेभाजी, शेगलाची पाने, केळफूल, पेरू असे चोथ्याचे खाणे वाढवावे. त्याने पोटही साफ राहते आणि भूकही कमी होते.

चौथ्या महिन्यापासून मास्तरांनी चालणे धरले. पूर्वी शाळेला पायी जात. मोटारसायकल आल्यापासून घराच्या पायरीपासून शाळेच्या पायरीपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हता. त्यांनी गाडी अर्ध्या वाटेवर एका ओळखीच्या घरी लावायला सुरुवात केली. जरा धाप लागेल अशा गतीने अर्धा तास चालले तर साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. भागाकार तुम्हीच करा : नुसत्या चालण्याने एक किलो उतरायला दीड-दोन महिने लागतात, आणि तेही वाटेत वडा खाल्ला नाही तर. म्हणून चालण्यावर रागावू नये आणि आठवड्याआड काट्यावर उभे राहू नये. दुसऱ्या वर्षीच्या चतुर्थीला मास्तरांचे वजन पुन्हा पाच किलोंनी वर होते, तिसऱ्या वर्षीच्या चतुर्थीपर्यंत त्यातले तीन उतरले. उरलेले दोन अजून आहेत. ते जातील असे मला वाटत नाही, आणि मास्तरांनाही आता त्यांची फारशी अडचण वाटत नाही. सदरे त्यांनी नवे शिवले.

कोणी विचारील, या वाढलेल्या वजनाने विडी सोडल्याचा फायदा बुडत नाही काय? प्रश्न रास्त आहे; त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले पाहिजे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड लाखाहून अधिक लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान सोडल्यावर ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात पुढची काही वर्षे मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला. पाच-सात वर्षांच्या सुमारास तो सर्वांत जास्त होता, मग उतरत गेला. जितके वजन जास्त, तितका धोका जास्त. ज्यांचे वजन वाढले नाही, त्यांच्यात तो वाढलाच नाही. मात्र मृत्यूचा विचार केला, तर वजन वाढलेलेसुद्धा ओढत राहणाऱ्यांपेक्षा चांगल्या स्थितीत होते. दहा किलोंहून अधिक वाढलेलेसुद्धा. याच्या जोडीला इंग्लंडमधल्या रिचर्ड डॉल यांचा आकडा ठेवा. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा त्यांनी 1951 पासून पन्नास वर्षे मागोवा घेतला आणि 2004 साली सांगितले, की जन्मभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरतो. पन्नाशीला सोडली तर त्यातली सहा वर्षे परत मिळतात, चाळिशीला सोडली तर नऊ. एका पारड्यात चार किलो, दुसऱ्यात सहा वर्षे. तागडी कोणीकडे झुकते ते सांगायला नकोच.

तरीपण मधुमेहाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः ज्यांच्या आईबापांना तो होता त्यांनी. आपण भारतीय लोक अंगाने बारीक दिसलो तरी पोटावर चरबी साठवतो, आणि हीच चरबी खोडकर असते. विडी ओढणारा सडपातळ दिसला तरी या चरबीतून सुटतो असे नाही. मोजायला वजनकाटा नसला तरी चालेल. शिंप्याची टेप पुरे. श्वास सोडून, पोट आत न ओढता, कंबर मोजावी. पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा मानतात. त्यापुढे गेली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्यावी, आणि 'मी अमुक महिन्यांपूर्वी विडी सोडली आहे' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. निकोटीनचा च्युइंगम किंवा अंगाला लावायची पट्टी मिळते. तिने तल्लफ सुसह्य होते आणि वजनाची वाढही काही काळ लांबणीवर पडते. कोणाला किती, ते डॉक्टरांनी ठरवावे.

एका चोरवाटेबद्दल बोलले पाहिजे. विडी सोडली आणि तोंडात सुपारी धरली, किंवा तंबाखूची चिमूट धरली, म्हणजे वजन वाढत नाही, असा सल्ला बाजारात फुकट मिळतो. आपल्या भागात सुपारीच्या बागा आहेत, त्यावर कितीतरी घरे चालतात, म्हणून बोलताना जीभ जड होते. पण सुपारी तंबाखूवाचून खाल्ली तरी तिने तोंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केले आहे. चघळायच्या तंबाखूबद्दल तर बोलायलाच नको. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारच्या आसपास निघाले, आणि बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे चोवीसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचा मोठा प्रश्न धुराचा नाहीच. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना मी आतापर्यंत वगळले, ते चुकीचे ठरेल. मिश्रीतही तेच निकोटीन असते आणि तीही भूक मारते. सगळ्यांच्या मागून, उरेल ते जेवणाऱ्या बाईला हे पथ्यावर पडत आले आहे. तिने मिश्री सोडली आणि तिला भूक लागू लागली, तर घरच्यांनी तिच्या अंगावर बोट ठेवण्याआधी, ती किती वाजता जेवते आणि तिच्या वाट्याला माशाची तुकडी येते काय, हे पाहावे.

शाळामास्तरांना आणि बाईंना दोन शब्द. अमेरिकेत 1928 च्या सुमारास एका सिगारेट कंपनीने गोड खाण्याऐवजी आमची सिगारेट घ्या, अशी जाहिरात बायकांना उद्देशून सुरू केली होती. मिठाईवाले चिडले, तक्रारी झाल्या, पण खप व्हायचा तो झाला. सिगारेट म्हणजे सडपातळपणा, हे समीकरण तेव्हापासून जगभर पसरले आणि आता मोबाइलवरच्या चित्रांतून आपल्या मुलांपर्यंत पोचले आहे. कॉलेजात येणारा एखादा मुलगा 'जिमला जायला वेळ नाही, म्हणून ओढतो' असे मोठ्या ऐटीत सांगतो, तेव्हा ती शंभर वर्षांपूर्वीची जाहिरात बोलते आहे, हे त्याला माहीत नसते. सातवी-आठवीच्या मुलांना चहातल्या साखरेचा आणि सिगारेटच्या 215 कॅलरींचा हिशेब फळ्यावर करून दाखवा. गणिताचा तास वाया गेला असे होणार नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. हे अंतर मुलांकडूनच मोजून घेता येईल. आणि वर्गातल्या जाड मुलाची थट्टा निदान गुरुजींनी करू नये. त्या थट्टेतून सुटायला पुढे ते काय पेटवील, सांगता येत नाही.

सोडताना कोणाशी तरी बोलावेसे वाटते आणि गावात बोलायची चोरी होते, अशांसाठी केंद्र सरकारने 2016 साली एक दूरध्वनी सुरू केला. त्याला पैसे पडत नाहीत. तल्लफ कशी टाळावी, भूक कशी सांभाळावी, हेही तिथे विचारता येते. क्रमांक आहे 1800-11-2356. तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. शेवटचे पाकीट चुलीत टाकण्याआधी तेवढा उतरून घ्यावा.